पंपात किती उरलंय?

मागचे तीन शनिवार काही लिहिलं नाही. "प्रोजेक्ट पेटलं होतं" असं सांगून वेळ मारून नेता आली असती, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. पण खरं कारण वेगळं आहे आणि जरा लाजिरवाणं आहे. माझा दम्याचा पंप संपलाय हे मला कळलंच नाही.

मला दमा लहानपणापासून आहे. आणि पोटापाण्यासाठी मी जे सॉफ्टवेअर लिहितो ते कारखान्यांच्या स्टोअरसाठी असतं. बेअरिंग, ऑइल सील, हातमोजे, कटिंग ऑइल, काय वाट्टेल ते. प्रत्येक वस्तूची एक 'रीऑर्डर लेव्हल' ठरवायची. साठा त्याच्या खाली गेला की स्क्रीनवर लाल पट्टी आली पाहिजे आणि खरेदी विभागाला मेल गेला पाहिजे. थोडक्यात काय, वस्तू संपायच्या आधी सांगणे हा माझा धंदा आहे. आता पुढचं वाचा आणि हसा.

नोव्हेंबरात शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आमचं गो-लाइव्ह होतं. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं की चिकलठाणा, विमानतळ मागे टाकून शेंद्रा लागतं. पूर्वी हे गाव माहीत असायचं ते मांगीरबाबाच्या चैत्रातल्या यात्रेमुळे. मग एमआयडीसी झाली, २००१ साली स्कोडा आली, आणि आता ऑरिकचे रुंद रस्ते आहेत. नोव्हेंबरात दिवसा ऊन, रात्री गारठा, आणि चोवीस तास कुठे ना कुठे चाललेल्या बांधकामाची धूळ. दमेकऱ्याला आणखी काय पाहिजे!

तिसरी पाळी. रात्रीचे अडीच. छाती भरून आली, ओळखीची शिट्टी वाजायला लागली. खिशातून पंप काढला, दोनदा दाबला. फुस्स, फुस्स. दहा मिनिटं थांबलो, फरक शून्य. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. पंप आवाज करतोय, तोंडात गार फवारा जाणवतोय, आणि श्वास मात्र आणखी आणखी आखडत चाललाय. बोलताना एका दमात चार शब्द येईनात तेव्हा स्टोअरचे काका उठले, "साहेब, तुमचं ते कॉम्प्युटर राहू द्या, चला" म्हणाले, आणि स्वतःच्या गाडीत घालून मला दवाखान्यात घेऊन गेले.

नेब्युलायझर लागला, ऑक्सिजन लागला, तासाभराने माणसात आलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी माझा पंप हातात घेऊन विचारलं, "हा कधी घेतला?"

"होळीच्या आसपास."

"रोज किती वेळा लागतो?"

"एकदा... कधी दोनदा."

त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "यात दोनशे डोस असतात. ते कधीच संपलेत."

"पण फवारा येतोय ना!"

"फवारा येतोय. औषध येतंय का ते माहीत नाही."

नंतरचे आठ-दहा दिवस घरी सक्तीची विश्रांती. इंजिनिअर माणूस विश्रांतीत काय करणार? रूट कॉज शोधणार. मला एकच प्रश्न पडला होता. इतकी जुनी, इतकी खपणारी, जिवावर बेतू शकणारी वस्तू, आणि तिच्यात किती उरलंय हे कळायची सोय का नसावी? माझ्या पंपावर काउंटर नव्हता. उत्तर शोधता शोधता दोन-अडीचशे वर्षं मागे जाऊन आलो.

सुरुवातीच्या साधनांमध्ये हा प्रश्नच नव्हता, ही त्यातली गंमत. 'इनहेलर' हे नाव आधी वापरलं इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जॉन मज नावाच्या डॉक्टरने, १७७८ साली. त्याचं यंत्र म्हणजे जस्ताच्या नव्हे, कथलाच्या मिश्रधातूचा झाकणाचा टमरेल होता, त्यातून खोकल्यावर अफूची वाफ घ्यायची. टमरेल रिकामा झाला की संपलं. मग १८०२ च्या सुमारास आपल्याकडचा धोतरा विलायतेला गेला. मद्रासेत जेम्स अँडरसन नावाचे मोठे सरकारी डॉक्टर दम्यावर धोतऱ्याचा धूर घ्यायला सांगायचे. तिथून जनरल जेंट या लष्करी अधिकाऱ्याने ती वनस्पती ब्रिटनला नेली आणि तिथे दम्याच्या चक्क सिगारेटी निघाल्या. दम्यावर सिगारेट! पण माझ्या प्रश्नापुरतं बोलायचं तर सिगारेट आदर्श आहे. बोटाला चटका बसला की संपली. काचेचे हातपंप आले, रबरी फुगा दाबायचा आणि फवारा ओढायचा, तर त्यातही औषध डोळ्यांना दिसायचं.

आमच्या भागातली एक रीत इथे सांगायलाच हवी. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे दम्यासाठी लोकांची वाट आपोआप हैदराबादकडे जायची. मृग निघाला की तिथलं बत्तीनी गौड कुटुंब दमेकऱ्यांना औषधाची गोळी तोंडात ठेवलेला जिवंत मासा गिळायला देतं. आजीने मलाही न्यायचा घाट घातला होता. मी रडून-ओरडून घर डोक्यावर घेतलं म्हणून वाचलो. त्या माशाने दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही. पण पुढचा डोस कधी घ्यायचा हे मात्र पंचांगातच छापलेलं होतं :)

आता मुख्य गोष्ट. साल १९५५, लॉस एंजेलिस. रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी सूझी दमेकरी होती. ती तोच काचेचा हातपंप वापरायची. तो फुटायचा, गळायचा, शाळेत नेणं अवघड, आणि किती दाबलं की किती औषध जातं याचा पत्ता नाही. तिने वडिलांना विचारलं, की केसांवर मारायचा स्प्रे जसा डब्यात मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही? बापाने हा प्रश्न ऑफिसात नेला. (युजरची तक्रार थेट टॉप मॅनेजमेंटपर्यंत गेल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.) प्रयोगशाळेत जमवाजमव काय, तर आईस्क्रीमचा एक जुना फ्रीझर, रिकाम्या सोड्याच्या बाटल्या, बाटल्यांना बुचं बसवायचं यंत्र आणि ड्यू पाँट कंपनीचा फ्रिऑन वायू. फिलिप मेशबर्ग नावाच्या माणसाने अत्तराच्या फवाऱ्यासाठी एक व्हॉल्व्ह बनवला होता, जो दर दाबाला ठरलेलंच माप सोडायचा. तो व्हॉल्व्ह घेतला. मार्च १९५६ मध्ये 'मेडिहेलर' बाजारात आला. प्रश्न विचारल्यापासून साधारण वर्षभरात! आमच्याकडे वर्षभरात रिक्वायरमेंटवर सही होत नाही.

हा व्हॉल्व्ह समजून घेतला की माझ्या शेंद्र्याच्या रात्रीचा उलगडा होतो. डबीत द्रवरूप झालेला वायू असतो, त्यात औषध मिसळलेलं. डबी उलटी धरली की व्हॉल्व्हमधल्या छोट्या कप्प्यात थेंबभर द्रव भरतो, आणि दाबलं की तो थेंब उकळून फवारा होऊन बाहेर पडतो. आवाज, गारवा, जोर, हे सगळं त्या वायूचं. औषधाला स्वतःचा आवाज नाही.

आता दोनशे डोस लिहिलेत म्हणजे डबीत बरोब्बर दोनशेच थेंब भरून चालत नाही. शेवटच्या थेंबांना कप्पा नीट भरेल इतका द्रव आत शिल्लक असावा लागतो, म्हणून कंपनी थोडं जास्तच भरते. दोनशे झाले तरी डबीत काहीतरी उरतं. त्यानंतर दाबत राहिलं तर कप्पा कधी पूर्ण भरतो, कधी अर्धा, कधी त्यात नुसताच वायू जातो. एका दाबाला औषध मिळतं, पुढच्याला नाही. आणि बाहेरून सगळे दाब सारखेच. फुस्स.

बाबांची बजाज चेतक आठवली. (१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून आमच्या गावात बजाज म्हणजे घरचंच कार्य.) त्या स्कूटरला पेट्रोलचा काटा नव्हता. पण गचके खात बंद पडायला लागली की बाबा चालवता चालवताच खाली हात घालून कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवायचे आणि आरामात पंपापर्यंत पोचायचे. रिझर्व्हमधलंही पेट्रोलच होतं. इनहेलरचं रिझर्व्ह म्हणजे कधी पेट्रोल, कधी हवा, आणि गचका मात्र शेवटपर्यंत नाही. वर्षानुवर्षं मी डबीशी चेतकसारखं वागत होतो.

मी एकटाच असा बावळट आहे असं वाटत होतं, पण नाही. २००४ साली 'चेस्ट' या वैद्यकीय मासिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. रुग्णांना विचारलं, पंप संपला हे कसं ओळखता? चारांतले जवळपास तीन जण म्हणाले, आवाज यायचा बंद होईपर्यंत वापरतो. त्याच अभ्यासात आणखी एक जुनी युक्ती तपासली होती. आमच्या घरीही ती चालायची. डबी पाण्यात टाकायची. बुडाली तर भरलेली, तिरकी तरंगली तर अर्धी, आडवी पडली तर रिकामी. आई बादलीत हा प्रयोग करायची तेव्हा मला ते फारच शास्त्रीय वाटायचं, आर्किमिडीज वगैरे. अभ्यासात दिसलं की तरंगण्यावरून डबी संपली की नाही हे कळतच नाही, उलट अनेकदा व्हॉल्व्हच्या तोंडात पाणी अडकून बसतं. आत वायू भरपूर असला तर औषध संपलेली डबीही छान बुडू शकते. शिवाय ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून माँट्रियल करारानंतर (१९८७) जुना सीएफसी वायू हळूहळू जाऊन एचएफए आला, त्याची घनता वेगळी. जुनी चित्रं नव्या डब्यांना लागू करण्यात आधीच नसलेला अर्थ आणखी गेला.

म्हणजे १९५६ पासून पुढे चाळीस-पन्नास वर्षं कोट्यवधी लोक काटा नसलेली ही गाडी चालवत होते. दरम्यान बाकी सुधारणा थांबल्या नव्हत्या. १९६९ ला साल्ब्युटामॉल आलं, १९७२ ला श्वासनलिकेची सूज कमी करणारं बेक्लोमेथासोन पंपातून मिळायला लागलं. मुंबईच्या सिप्लाने १९७० च्या दशकात भारतात पंप बनवायला घेतले आणि पुढे ते गावोगावच्या मेडिकलमध्ये पोचले. सिप्लाने सीएफसीविना चालणारा पंपही २००० सालीच आणला. पण आत किती उरलंय? ते तुमचं तुम्ही मोजा.

एक वाट बाजूने निघाली होती ती मला फार आवडते. रॉजर अल्टूनियन नावाचा ब्रिटिश डॉक्टर, स्वतः दमेकरी, महायुद्धात वैमानिक होता. औषधं स्वतःवरच तपासून पाहायचा. त्याने कॅप्सूलमधली पूड ओढून घ्यायचं यंत्र बनवलं, आत चक्क विमानासारखा छोटा पंखा. पुढे ग्लॅक्सोचा रोटाहेलर आला, आणि १९९७ मध्ये सिप्लाने तो पारदर्शक केला. आपल्याकडे लाखो लोक हाच वापरतात. एका वेळी एक कॅप्सूल, ओढल्यावर आत पूड राहिली की नाही ते दिसतं, आणि बाटलीत कॅप्सुला किती उरल्या ते लहान मूलही मोजेल. मी कॉलेजात गेल्यावर रोटाहेलर सोडला, कारण खिशातून डबी काढून दाबणं जरा बरं दिसायचं. कॅप्सूल घाल, फिरव, ओढ, हे मित्रांसमोर नको वाटायचं. दिसण्यासाठी दिसणारी गोष्ट सोडली म्हणायची.

काउंटरला इतका वेळ का लागला? मला आधी वाटलं, त्यात काय, एक चाक आणि एक खटका. मग वाचलं तेव्हा जीभ चावली. डबी दाबली की ती काही मिलिमीटरच खाली जाते. त्यातल्या नेमक्या एका बिंदूवर फवारा सुटतो आणि नेमक्या एका बिंदूवर आकडा सरकतो. हे दोन बिंदू हुबेहूब एकच ठेवता येत नाहीत, प्लास्टिकच्या लाखो तुकड्यांत थोडा फरक येणारच. मग चूक कुठल्या बाजूला होऊ द्यायची? आकडा सरकला पण फवारा सुटला नाही, तर रुग्ण पंप थोडा लवकर फेकेल, चार पैसे वाया. फवारा सुटला पण आकडा सरकला नाही, तर काउंटर म्हणेल वीस शिल्लक आणि आत असेल फुस्स. तेव्हा पहिली चूक चालेल, दुसरी नाही. अमेरिकेच्या एफडीएने २००३ साली नव्या पंपांना डोस मोजायची सोय असावी अशी मार्गदर्शक सूचना काढली, तिचाही रोख हाच. चुकायचंच असेल तर कमी उरलंय असं सांगून चुका. माझ्या रीऑर्डर लेव्हलच्या कोडमध्ये मी हेच करतो. हातमोज्यांसाठी.

त्यानंतर काउंटरवाले पंप येत गेले. आपल्याकडेही मिळतात, शेवटचे डोस उरले की काहींची खिडकी लाल होते. पण सगळ्यांवर अजून काउंटर नाही, आणि विकत घेताना दुकानात कुणी विचारतही नाही. मी तरी कधी विचारलं होतं?

रोजच्या ठरलेल्या पंपाचं त्यातल्या त्यात सोपं आहे. १२० डोस, रोज चार, तीस दिवस, भागाकार झाला. उघडल्याची तारीख डबीवर लिहिली की काम होतं. घोळ आहे तो अडीअडचणीच्या पंपाचा. तो एका आठवड्यात एकदाच लागतो आणि दुसऱ्या आठवड्यात वीसदा. तिथे मोजण्याशिवाय इलाज नाही. आणि नेमका तोच पंप रिकामा निघाला तर रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

डॉक्टरांनी निघताना आणखी एक वाक्य टाकलं होतं, ते मी सोयीस्करपणे विसरायला बघत होतो. "रोज एकदा-दोनदा लागतो हे तुम्हाला नॉर्मल वाटतं?" वाटत होतं की! लहानपणापासून तसंच आहे. इतिहासात याचंही उत्तर सापडलं, आणि ते काही गमतीचं नाही. १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांत दम्याने मरणाऱ्या तरुणांचा आकडा अचानक चढला. संशय गेला आयसोप्रेनलिनच्या पंपांवर, विशेषतः जादा मात्रेच्या. इंग्लंडमध्ये ते १९६८ पर्यंत चिठ्ठीशिवाय मिळायचे. औषधाचाच थेट दोष किती आणि पंपावर विसंबून लोक दवाखान्यात उशिरा पोचले त्याचा किती, यावर बराच वाद झाला. पण एक गोष्ट तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसत आलीय. आराम देणारा पंप नळी तेवढ्यापुरती उघडतो, आतली सूज तशीच राहते. 'जिना' ही दम्यावरची आंतरराष्ट्रीय संस्था सांगते, की वर्षात दोनशे डोसच्या तीन किंवा जास्त डब्या लागल्या तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि बारा किंवा जास्त लागल्या तर जीव जाण्याचाही. २०१९ पासून त्यांचा सल्लाच आहे, की मोठ्यांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये, सूज कमी करणारं औषध बरोबर हवं.

म्हणजे डबी कधी बदलली याची नोंद ठेवायची ती फक्त रिकामी सापडू नये म्हणून नाही. डब्या किती लवकर संपतात यावरून दमा कुठे चाललाय ते कळतं. स्टोअरमध्ये एखाद्या मशिनला महिन्याला चार बेअरिंग लागायला लागली तर आम्ही बेअरिंगची रीऑर्डर लेव्हल वाढवत नाही, मशिन उघडून बघतो. मी स्वतःच्या बाबतीत मात्र दरवेळी मेडिकलवाल्याकडून नवीन बेअरिंग आणत होतो.

जगाच्या रोगभाराचा जो मोठा अभ्यास होतो त्याच्या २०१९ च्या आकड्यांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ गच्चीत बसलो. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलाला पंप आहे हे सोयरिकीच्या वेळी सांगू नये, असलं मीही कितीदा ऐकलंय आणि हसून सोडून दिलंय.

घरी आईला सगळं समजावून सांगितलं. आर्किमिडीजचा अपमान तिला फारसा लागला नाही. तिने कालनिर्णय काढलं, जिथे ती गेली तीस वर्षं दुधाचा हिशोब लिहिते. गवळ्याने मंगळवारी अर्धा लिटर कमी दिलं हे तिला महिनाअखेरीस तारखेसह सांगता येतं. त्याच चौकटींत आता दुधाच्या आकड्याखाली बारीक रेघा आहेत. मी फोनमध्ये ॲप टाकलं होतं, ते चार दिवसांत विसरलो. कालनिर्णय विसरायची सोय नाही. रात्री जेवताना प्रश्न येतोच, "आज किती?" रोजचं सूज कमी करणारं औषध सुरू झाल्यापासून बऱ्याच चौकटींत नुसतं दूध आहे.

तो जुना पंप डॉक्टरांनी परत दिला होता. परवा रविवारी गच्चीत बसून, उगाच, किती फुस्स उरलेत ते मोजायला घेतले. एकोणतीसपर्यंत गेलो. तेवढ्यात आईने खालून हाक मारली म्हणून थांबलो. आवाज तेव्हाही येतच होता.